बटण न दाबता हॉटस्पॉट चालू करण्याची सोपी पद्धत

फोनच्या सेटिंग्जमध्ये 'हॉटस्पॉट आणि टेदरिंग' अशी एक ओळ असते. तिच्याकडे बघू नका. तिथं एक बटण आहे, ते सरकवलं की फोनचं नेट लॅपटॉपला मिळतं, वायर लावून किंवा वायरीशिवाय. २०१० साली अँड्रॉइडची २.२ आवृत्ती, म्हणजे फ्रोयो आली, तेव्हापासून ही सोय तिथं पडून आहे. सातवीतली पोरं ती वापरतात. पण ज्याला कॉम्प्युटरमधलं कळतं असं चारचौघांत म्हटलं जातं, ज्याचा शनिवार-रविवार मोकळा आहे आणि ज्याचा फोन अजून वॉरंटीत आहे, अशा होतकरू माणसाने इतक्या सहजी नेट मिळवणं शोभत नाही. त्याने आधी फोन रूट करावा.

रूट करायचा म्हणजे फोनच्या सिस्टीमवर सर्वाधिकार मिळवायचे. वीस हजार मोजून फोन घरी आणला तरी कंपनीच्या लेखी तुम्ही साधे वापरकर्ते. फोटो काढा, रील बघा, पण सिस्टीमच्या फायलींना हात लावायचा नाही. रूट मिळालं की हात लावता येतो. वाटेल ती फाईल उडवता येते. त्यातली कुठली उडवायची नव्हती ते नंतर कळतं.

या मार्गाला थोर परंपरा आहे. घरच्यांनी "हे काय चाललंय?" असं विचारलं तर सांगायला ती उपयोगी पडते, म्हणून पाठ करून ठेवा. पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाइलचा जी१, अमेरिकेत २००८ साली विकायला आला. त्यात टेदरिंग नव्हतं, पण रूट मिळवायला कष्टही नव्हते. एका चुकीमुळे कीबोर्डवर जे टाइप कराल ते पडद्यामागे रूटच्या अधिकारात आज्ञा म्हणूनही चालत होतं. कुणाशी गप्पा मारताना 'रीबूट' एवढंच लिहून एंटर दाबलं की फोन खरोखर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. गूगलने ती चूक लगोलग बुजवली आणि तेव्हापासून रूटसाठी माणसाला राबावं लागतंय.

अमेरिकेत राबायला कारण होतं. आधीच पैसे भरून घेतलेला डेटा लॅपटॉपवर वापरायचा असेल तर तिथल्या मोठ्या कंपन्या महिन्याला २० डॉलर वेगळे मागायच्या. मग लोक युक्त्या करू लागले. २०१० साली आयफोनच्या ॲप स्टोअरवर 'हँडी लाइट' नावाचं टॉर्चचं ॲप आलं. त्यातल्या रंगांवर ठरावीक क्रमाने बोट टेकवलं की गुपचूप टेदरिंग चालू व्हायचं. बनवणारा पंधरा वर्षांचा मुलगा. ॲपलला पत्ता लागताच ॲप गायब झालं. पुढं व्हेरायझन या तिथल्या मोबाइल कंपनीने गूगलला सांगून टेदरिंगची ॲप आपल्या ग्राहकांना मिळणार नाहीत अशी व्यवस्था केली, तेव्हा अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने चौकशी लावली आणि २०१२ साली कंपनीला १२.५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं.

आपल्या साध्या रोज-दीड-जीबीच्या पॅकवर असला जिझिया नाही. ज्या अन्यायाविरुद्ध हे बंड झालं तो अन्याय आपल्याकडे नाही, बंड मात्र राहून गेलंय. ते आता करू.

१. डेव्हलपर व्हा. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडा. तिथं 'बिल्ड नंबर' दिसेल. त्यावर सात वेळा टिचक्या मारा. तिसऱ्या-चौथ्या टिचकीपासून फोन सांगू लागतो की आता एवढ्याच पायऱ्या उरल्या. सातवीला अभिनंदन होतं: तुम्ही आता डेव्हलपर आहात. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि एम-थ्रीच्या केट्या काढूनही ज्यांना हे ऐकायला मिळालं नाही, त्यांनी या क्षणाचा आनंद घ्यावा. नोकरीच्या साइटवर मात्र इतक्यात टाकू नका.

२. अर्ज करा. फोनच्या दाराशी बूटलोडर बसलेला असतो. फोन सुरू होताना आत कोणाला सोडायचं ते तो ठरवतो, आणि कंपनीचा शिक्का नसलेल्याला सोडत नाही. त्याला आधी अनलॉक करायचं. काही कंपन्यांच्या फोनवर एका आज्ञेत काम होतं, काहींवर कधीच होत नाही. हुआवेने २०१८ साली अनलॉकचे कोड देणंच बंद केलं. शाओमीचा फोन असेल तर रीतसर परवानगी काढावी लागते. खातं उघडा, सिम घाला, वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून ते खातं फोनशी जोडा आणि मग विंडोजवर त्यांचं अनलॉक सॉफ्टवेअर चालवा. ते ९९ टक्क्यांपर्यंत पळत जातं, थबकतं आणि बऱ्याचदा सांगतं, १६८ तासांनी या. तासांत सांगितलं म्हणजे आठवडा म्हटल्यासारखं वाटत नाही, एवढी काळजी घेतलेली असते.

तुमचा फोन, तुमचे पैसे, आणि त्याचं मालक व्हायला तुमचाच अर्ज. स्वतःच्या फ्लॅटला ग्रिल बसवायला सोसायटीची एनओसी लागते त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की इथं सेक्रेटरीला जिन्यात गाठता येत नाही.

३. केबल शोधा. ही पायरी सोपी समजून लोक इथंच वय घालवतात. घरात केबल भरपूर असतात. टीव्हीखालच्या खणात हात घातला की सात-आठ एकदम बाहेर येतात, एकमेकींत गुंतलेल्या, एकीच्या मानेला चिकटपट्टी. त्यातली फोनसोबत आलेली कुठली हे आता कोणालाच सांगता येत नाही. स्टेशनबाहेर शंभरात मिळालेल्या केबलमध्ये बऱ्याचदा विजेच्या दोनच तारा असतात, डेटाच्या दोन नसतातच. फोन मजेत चार्ज होतो आणि संगणकाला तो आल्याचा पत्ताही नसतो. तुम्ही ड्रायव्हर काढता, ड्रायव्हर टाकता, विंडोज बंद करून चालू करता, दुसरा ड्रायव्हर टाकता. दोष चिकटपट्टीवालीचा असतो. योग्य केबल सापडली की विंडोज 'टुडूंग' करतं. मग ती तिरकी धरून ठेवा. सोडलीत की उलटा 'टुडूंग' होतो.

४. संगणकाला नेट द्या. नीट वाचा, छपाईची चूक नाही. फोन रूट करायला संगणकावर पुष्कळ सामान लागतं. गूगलची प्लॅटफॉर्म टूल्स, फोनचे ड्रायव्हर, कंपनीचं अनलॉक सॉफ्टवेअर (जे नेटशिवाय उघडतही नाही) आणि तुमच्या मॉडेलचं पूर्ण फर्मवेअर, जे सहज तीन-चार जीबी भरतं. संगणकाला नेट नाही म्हणून तर फोन रूट करायचा आहे, आणि संगणकाला नेट असल्याशिवाय फोन रूट होत नाही. नवशिके इथं गडबडतात. जाणकार शांतपणे स्वयंपाकघरात जातात आणि "अगं, तुझा फोन दे जरा, हॉटस्पॉट लावायचाय," म्हणतात.

तिने ते बटण दाबलं की वर लिहिलेलं सगळं उतरवायला घ्या. तिला रोजचा दीड जीबी आहे, फर्मवेअर चार जीबीचं आहे, त्रैराशिक तुम्ही मांडा. रोजचा कोटा संपला की बऱ्याच पॅकमध्ये गती ६४ केबीपीएसवर येते. त्या गतीने उरलेलं कधी उतरेल ते डाउनलोडची खिडकी दिवसांत सांगते. तेवढ्यात तिच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला तर तुम्ही गॅलरीत असलेलं बरं. "माझ्या फोनवर हॉटस्पॉट लागतो, मग तुझ्यावर का लागत नाही?" हा प्रश्न येणारच आहे. उत्तर देऊ नका. प्रश्न विचारणाऱ्याला तांत्रिक पार्श्वभूमी नाही.

५. बॅकअप घ्या. अनलॉक करताना फोन आतून धुऊन निघतो: फोटो, मेसेज, बहिणीच्या लग्नातले व्हिडिओ, गॅसचा ग्राहक क्रमांक लिहून ठेवलेली टीप, सगळं. हे संरक्षणासाठी असतं, म्हणजे चोराने फोन अनलॉक केला तरी त्याच्या हाती तुमचं काही लागू नये. इथं चोर तुम्हीच असल्याने तुमच्याही हाती लागत नाही. मार्गदर्शक व्हिडिओत 'बॅकअप घ्यायला विसरू नका' हे वाक्य असतंच, फक्त ते अनलॉक झाल्यानंतरच्या भागात येतं.

६. काळी खिडकी उघडा. फोन बंद करा, आवाज कमी करण्याचं आणि पॉवरचं बटण एकदम दाबून धरा. फास्टबूटचा पडदा येईल. संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडा. ही काळी खिडकी आणि तिच्यातली पांढरी अक्षरं दिसली की घरातल्यांचा आवाज आपोआप खाली येतो. सासरे मागून वाकून बघतात आणि काही विचारत नाहीत. एवढ्यासाठीसुद्धा बरेच लोक रूट करतात. 'फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक' अशी आज्ञा द्या. खाली ओळ उमटते, 'वेटिंग फॉर एनी डिव्हाइस'. तुम्हीही वेटिंग करा. 'एनी' हा शब्द बघा. या टप्प्याला संगणक कुठल्याही फोनवर खूश आहे, पण त्याला तोही मिळत नाहीये. केबल तिरकी धरा.

अनलॉक झाला की काही फोन त्यापुढे दर वेळी सुरू होताना पाच सेकंद थांबतात आणि हा फोन अनलॉक केलेला असून विश्वासास पात्र नाही अशी पाटी दाखवतात. बसमध्ये शेजारचा वाचत असेल तर पडदा जरा आपल्याकडे वळवा.

७. बूटची फाईल मारा. मॅजिस्क नावाचं ॲप आहे. २०१६ साली जॉन वू नावाच्या तैवानी विद्यार्थ्याने ते काढलं. उतरवलेल्या फर्मवेअरमधून बूटची फाईल काढून फोनमध्ये टाका, मॅजिस्ककडून तिच्यात फेरफार करून घ्या, ती परत संगणकावर आणा आणि फास्टबूटमधून पुन्हा फोनमध्येच घाला. फाईल फोनच्या नेमक्या त्याच आवृत्तीची हवी, शेवटच्या आकड्यासकट. अलीकडच्या फोनांत ती 'बूट' नसून 'इनिट-बूट' असते. व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांत सव्वीसाव्या ओळीवर एकाने हे लिहिलेलं आहे. त्याच्याखाली पंचवीस जण 'भाऊ, फोन लोगोवर अडकलाय' म्हणून उभे आहेत.

८. लोगो बघा. अडकलाच असेल तर कंपनीचा लोगो येतो, जातो, येतो. याला बूटलूप म्हणतात. पहिल्या अर्ध्या तासात माणूस 'पहिल्यांदा वेळ लागतोच' असं म्हणतो. हे वाक्य खरंही आहे, म्हणून त्याचा आधार सोडवत नाही. तासाभराने तुम्ही पूर्ण फर्मवेअर परत मारायला घेता, ते अर्ध्यावर असताना केबल हलते, आणि लोगोही जातो. आता पडदा काळा. घाबरू नका. पुढच्या पायरीला माणसं भेटतील.

९. दुकानात जा. तोंड कोरं ठेवा. "रात्री चार्जिंगला लावला होता, सकाळी बघतो तर हा असा," एवढंच म्हणायचं. काउंटरमागचा पोरगा मान वर न करता विचारतो, "रूट मारला होता का?" तुम्ही म्हणा, "म्हणजे काय?" तो बरं म्हणतो. याची त्याला रोजची सवय आहे.

मग बघत राहा, शिकण्यासारखं आहे. तो फोनची पाठ गरम करतो, जुन्या एटीएम कार्डाची कड फटीत घालून गोल फिरवतो, पाठ निघते. आत बोर्डावर मोहरीएवढे दोन सोनेरी ठिपके असतात. एका हाताने चिमटा त्या दोन्हींवर टेकवून धरतो, दुसऱ्या हाताने केबल खोचतो, आणि मेलेल्या फोनचं नाव संगणकावर 'क्वालकॉम ९००८' म्हणून उमटतं. याच क्षणी तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस टेम्पर्ड ग्लास बसवून मागतो. पोरगा चिमटा न हलवता "बसा, दोन मिनिटं," म्हणतो आणि पायाने स्टूल पुढं सरकवतो. मग तुम्हाला सांगतो, "सॉफ्टवेअर मारून देतो, संध्याकाळी या. डेटा जाईल." डेटा सहाव्या पायरीलाच गेलाय, त्यामुळे तुम्ही उदार मनाने हो म्हणू शकता. काही वेळा तो "बोर्ड गेलाय" म्हणतो. तसं झाल्यास हे मार्गदर्शन इथं संपलं. नव्या फोनसह पायरी १ पासून सुरू करा.

१०. सर्वाधिकारांचा उपभोग घ्या. समजा दुकानातून परत आल्यावर तुम्ही पुन्हा तेच केलंत आणि या खेपेला जमलं. (माणूस पुन्हा तेच करतो. मी कोणाला थांबलेला पाहिलेलं नाही.) आता फोनचे तुम्ही सुपरयूझर. खाली चौकात जा, वडापाव घ्या, स्कॅन करा. बँकेचं ॲप उघडतं, क्षणभर विचार करतं आणि सांगतं की सुरक्षेच्या कारणास्तव रूट केलेल्या फोनवर ते चालणार नाही. फोनच्या सिस्टीममधली कुठलीही फाईल तुम्ही उडवू शकता, वडापावचे वीस रुपये देऊ शकत नाही. सॅमसंग असेल तर आत नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा एक फ्यूज उडालेला असतो. तो परत बसवता येत नाही, आणि त्यांची काही ॲप त्या फोनवर कायमची रुसतात. काही फोनांत सिनेमाची ॲप चित्राचा दर्जा पाडतात. कंपनीचा पुढचा अपडेट बसत नाही, बसला तर रूट जातं.

उपाय आहे. रूट लपवायचं. त्यासाठी मॅजिस्कमध्ये वेगळी सोय, तिच्यावर वेगळी मॉड्यूलं, आणि गूगलच्या तपासणीत पास होण्यासाठी त्यांच्यावर आणखी एक मॉड्यूल. गूगल तपासणी कडक करतं, मॉड्यूलवाले पळवाट काढतात, मग गूगल ती बुजवतं. म्हणजे महिनाभर घाम गाळून फोनची मालकी मिळवायची आणि पुढचं आयुष्य 'छे छे, मी कुठला मालक' असं त्याच फोनला पटवत काढायचं. मॅजिस्कचा तो कर्ता २०२१ साली गूगलच्या अँड्रॉइड सुरक्षा विभागात नोकरीला लागला. रूटमधून पक्का पगार मिळवण्याचा हा मार्ग मला त्यातल्या त्यात पटतो.

जुना फोन फेकवत नाही म्हणून त्यात लिनिएजओएस नावाची वेगळी सिस्टीम घालून आणखी चार-पाच वर्षं तो चालवणारी शहाणी माणसंही या प्रांतात आहेत. ती हे मार्गदर्शन वाचत नाहीत.

११. आता नेट द्या. ज्यासाठी हे सगळं केलं ते राहूनच जायचं. नेटवर निघणाऱ्या प्रत्येक डेटाच्या पाकिटावर टीटीएल नावाचा आकडा असतो. अँड्रॉइडमधून निघताना तो ६४ असतो, विंडोजमधून निघताना १२८, आणि वाटेतल्या दर टप्प्याला एकाने घटतो. लॅपटॉपचं पाकीट फोनमधून बाहेर पडताना १२७ सांगतं, की कंपनीला फोनमागे दडलेला लॅपटॉप दिसतो. रूट असेल तर हा आकडा बदलून लॅपटॉपला फोन म्हणून खपवता येतं. अमेरिकेत याने २० डॉलर वाचायचे. इथं दीड जीबीच्या पॅकवर कोणी बघतच नसल्याने काहीही वाचत नाही, तरी आकडा बदला, केलेले कष्ट कुठंतरी लागायला हवेत. आणि बदलून झाला की सेटिंग्जमध्ये जाऊन ते पहिलं बटण दाबा. दुसरं काही नाही, रूट केलेल्या फोनचं टेदरिंगही तिथूनच चालू होतं. कोणी खोलीत नसताना दाबा.

१२. विंडोजला आवरा. इतके दिवस उपाशी असलेल्या लॅपटॉपला नेट दिसताच तो अपडेट उतरवायला घेतो. विंडोज, ऑफिस, अँटीव्हायरस, ज्याचं नावही आठवत नाही असा कुठल्याशा प्रिंटरचा ड्रायव्हर, सगळे एकदम. 'मीटर्ड कनेक्शन' नावाचं एक बटण चालू केलं तर यातलं बरंचसं थांबतं. पण एका बटणाने काम होणं तुम्हाला आता पटणार नाही. पहिला मेल उघडायच्या आत मेसेज येतो: आजचा डेटा १०० टक्के वापरून झाला आहे.

जादा डेटाचं रिचार्ज मारायला यूपीआय लागतं, आणि ते तुमच्या फोनवर चालत नाही. रूट लपवायचं ते मॉड्यूल बसवून बघायचं तर आधी उतरवायला हवं. घरातला दुसरा फोन आज मागू नका. त्याच दुकानात जा, पोरगा रिचार्जही मारून देतो. सुट्टे घेऊन जा, आणि त्याने "स्कॅन करा ना काका" म्हटलं तर कॅशच बरी पडते म्हणून सांगा. तो बरं म्हणेल.